डावे सर आणि फुटकं कौल

डावे सर आनंद झाला की जवळच्या माणसाच्या पाठीत थाप मारायचे. थाप हलकी नसे. तळहात पूर्ण उघडा, जागा दोन्ही खांद्यांच्या मधोमध, आवाज शेजारच्या वर्गात जाईल एवढा. पहिल्या बाकावरच्या मुलाला वर्षात ती किती वेळा बसेल हे निसर्गावर अवलंबून होतं. सुरवंटाने कोष विणायला घेतला, थाप. बेडकाच्या अंड्यात शेपटी हलली, थाप. लाजाळूचं झाड रात्रीचं मिटून सकाळी कुठल्या क्रमाने उघडतं हे एकाने बरोबर सांगितलं, तेव्हा त्याला दोन बसल्या. मी दोन वर्षं पहिल्या बाकावर होतो.

डावे हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि राजकीय मतही नव्हतं. पेठ वडगावच्या आमच्या शाळेत नव्याने आलेल्या एका गणिताच्या शिक्षकांनी हे नाव ऐकून पहिले सहा महिने त्यांच्याशी फक्त कामगार चळवळीच्याच गप्पा मारल्या. सरांनीही त्यांना सहा महिने ऐकून घेतलं. नावाचं मूळ वहीत होतं. सर जीवशास्त्र शिकवायचे आणि प्रत्येक मुलाला एक निरीक्षणवही ठेवायला लावायचे. वही उघडली की डाव्या पानावर शीर्षक ‘दिसलं’, उजव्या पानावर ‘वाटलं’. जे डोळ्यांनी पाहिलं ते डावीकडे लिहायचं. त्यावरून मनात जे आलं ते उजवीकडे. दोन्ही पानांना सारखे गुण होते, पण पान चुकलं तर शून्य.

माझी पहिली नोंद होती: ‘मुंगी रागाने चावली.’ मी ती डाव्या पानावर लिहिली होती. सरांनी ‘रागाने’ या शब्दाभोवती गोल काढला आणि तिथून उजव्या पानापर्यंत लांब बाण ओढला. “मुंगी चावली हे दिसलं. राग कुठं दिसला तुला? तिच्या कपाळावर आठ्या हुत्या?” वर्ग हसला. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. बातमीतले ‘संतप्त’, ‘हृदयद्रावक’, ‘एकच खळबळ’ हे शब्द काढताना मला तो बाण आजही दिसतो.

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे. उत्साह वाढला की भाषा बदलायची. ‘निरीक्षण करा’चं ‘बघा की लेकानो’ झालं, की पहिल्या बाकावरचे पाठ ताठ करून बसायचे, कारण थाप जवळ आलेली असायची.

त्यांच्या स्वतःच्याही वह्या होत्या, शाळेच्या कपाटात वर्षानुसार लावलेल्या. आम्ही त्या चोरून पाहिल्या होत्या. डावी पानं बारीक अक्षराने काठोकाठ भरलेली. वेळ, वारा, ढग, किती अंडी, कुठल्या पानाच्या कुठल्या बाजूला. उजवी पानं सगळी कोरी. एकाने धीर करून विचारलं, सर, तुम्हाला काहीच वाटत नाही का? सर म्हणाले, “वाटतंय की. आमचं उजवं पान तुमच्या पाठीवर हाय.”

दुसरी सवय एका प्रश्नाची होती. माणसाच्या हृदयाची आकृती काढताना दरवर्षी निम्मा वर्ग एकच चूक करायचा. उजवा कप्पा कागदाच्या उजव्या बाजूला दाखवायचा. सर बाकांमधून फिरत आणि वहीवर बोट ठेवून विचारत, “कुणाचं उजवं?” मूल गोंधळून आपला उजवा हात वर करायचं. “तुझं न्हवं. तुझ्यासमोर जो माणूस हाय त्याचं उजवं. त्यो तुझ्याकडं तोंड करून उभा हाय. त्याच्या जाग्यावर जाऊन उभा राहा, मग सांग.” बेडूक असो, झुरळ असो, प्रश्न तोच. आम्ही खेळाच्या मैदानावरही तो वापरायचो. पंचाने उजवीकडून फेक सांगितली की सगळे ओरडायचे, कुणाचं उजवं?

देवाचा विषय वर्षातून एकदा निघायचाच. मधमाशांच्या पोळ्याचा धडा झाला की कुणीतरी विचारायचं, सर, इतके नेमके षटकोन कुणी शिकवले, हे सगळं कुणी केलं? सरांचं उत्तर ठरलेलं होतं: “प्रश्न चांगला आहे. पान बघून लिही.” देव आहे असं ते म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. गावात मात्र ते देव न मानणारे म्हणूनच ओळखले जात. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, रोज मेणबत्ती लावत. सर लावत नसत. विचारलं तर म्हणत, “आमच्यात बुद्धानं ‘ये आणि बघ’ असं सांगितलंय. मी अजून बघायलोय.”

एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. म्हशी पाळणारे, दूध संघात घालणारे, आवाज मोठा. पोरगं घरी देव्हाऱ्यासमोर वही घेऊन बसतंय आणि आजीला विचारतंय, हे दिसलं की वाटलं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. हाताला धरून खिडकीशी नेलं. तिथे काचेच्या बरणीत रुईच्या पानावर एक कोष लटकत होता, हिरवा, त्यावर सोनेरी ठिपक्यांची ओळ. सरांनी त्यांच्या हातात भिंग दिलं. ते गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग भिंग खाली ठेवलं, कोषाला हात जोडले आणि तक्रार न सांगता निघून गेले. सरांनी त्या दिवशी डाव्या पानावर लिहिलं: ‘पालकांनी हात जोडले.’ जोडलेले हात दिसले होते, म्हणून नोंद डावीकडे.

निवृत्तीनंतर सर कोल्हापुरात राहायला गेले आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावी जाऊ लागले. गावाचं नाव इथे देत नाही. तिथे वर डोंगरात एक देवराई आहे. आत भैरोबाचं कौलारू देऊळ, एका खोलीएवढं. राईतली काडी देवाला विचारल्याशिवाय तोडायची नाही, हा रिवाज. विचारायची रीत म्हणजे कौल लावणं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवायची, प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. हे काम तिथल्या गुरवांच्या घराकडे होतं. गुरव सत्तरीचे, बारीक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सर त्यांना मामा म्हणत, ते सरांना सर.

दोघांचा वाद कायमचा होता. गुरव म्हणत, देव हाय म्हणून राई हाय. सर म्हणत, राई हाय म्हणून तुमचा देव टिकलाय. दोघेही हे वाक्य दर रविवारी नव्याने म्हणत, मग गुरवांच्या घरचा चहा पीत. वादाला खरं खाद्य मिळालं ते धनेशाच्या जोडीने. गावात त्याला गरुड म्हणतात. मोठी पिवळी चोच, चोचीवर आणखी एक शिंग ठेवल्यासारखं, आणि उडताना पंखांचा आवाज असा की खाली बसलेला माणूस वर बघतोच. देवळाच्या पुढे, उत्तरेच्या अंगाला सात पावलांवर जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत ही जोडी घरटं करायची. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड चिखलाने आणि विष्ठेने लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात. तीन-साडेतीन महिने ती आणि नंतर पिल्लू, दोघंही नराने त्या फटीतून भरवलेल्या फळांवर जगतात.

गुरव म्हणायचे, “स्वतःला कोंडून घेतीया, पंख टाकतीया आणि दुसरा खायला आणील म्हणून बसतीया. ह्याला तुमी काय म्हणता, सर? आमी ह्याला भक्ती म्हणतो.”

“नर दिसाला वीस खेपा करतोय, ह्ये दिसलं,” सर म्हणायचे. “भक्ती वाटलं.”

“मग वाटू द्या की.”

“वाटतंय की, मामा. कुठं नको म्हटलंय?” आणि गुरवांच्या पाठीत थाप. त्या वयाच्या माणसाला मारताना सर हात थोडा आवरत असत.

संकट आलं ते एका वादळी रात्रीनंतर. बेहड्याची एक मोठी फांदी देवळावर पडली आणि कौलं फुटली. बाकीची बदलली. एक फुटकं तसंच राहिलं, कारण त्या मापाचं आणखी एक कौल तेव्हा मिळालं नाही. देवस्थान समितीने ठरवलं की देऊळ स्लॅबचं करायचं, पुढे सभामंडप घ्यायचा, आणि बेहडा तोडायचा, म्हणजे पुन्हा फांदी पडायला नको. समितीचा अध्यक्ष तिशीतला होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात काम करायचा आणि शनिवारी गावी यायचा. तो वाईट माणूस नव्हता. पावसाळ्यात म्हातारी माणसं उघड्यावर भिजत उभी राहतात, आई गेल्या वर्षी पायरीवरून घसरली, हे तो सांगत होता आणि ते खरं होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी कौल लावायचा ठरला. ढोलीत मादी होती. सरांच्या वहीप्रमाणे ती बाहेर यायला आणखी सहा आठवडे लागणार होते.

सरांनी मला फोन केला, बातमीदार म्हणून ये, असं म्हणाले. आम्ही माझ्या मोटारसायकलवर गेलो. सरांनी पोचताच अध्यक्षाला बेहड्याखाली नेलं, नर येईपर्यंत उभं केलं आणि फटीतून बाहेर आलेली चोच दाखवली. अध्यक्षाने चोच फळ घेताना पाहिली. मग म्हणाला, “सर, वाईट वाटतंय. पर माझ्या हातात काय हाय? देव न्हाय म्हणाला तर मी कुऱ्हाड लावणार न्हाय. व्हय म्हणाला तर मला थांबता येणार न्हाय.” सरांनी सहा आठवडे मागितले. तो म्हणाला, नंतर पावसात स्लॅब पडत नाही. करवतवाला माणूस दोर आणि करवत घेऊन पायरीवर बसलेलाच होता.

त्यानंतरचं मी त्या दिवशीच्या टिपणावरून लिहितो. दहा चाळीसला गुरवांनी कळ्या लावल्या. देवळात वीसेक माणसं होती, दारातून आणखी डोकावत होती. भैरोबा म्हणजे काळा पाषाण, चांदीचे डोळे, खांदे जेमतेम घडवलेले. गुरवांनी प्रश्न सांगितला: देवा, सभामंडपासाठी बेहडा काढायचा हाय, तुझी मर्जी असंल तर उजवी दे. मग सगळे थांबले. सर माझ्या शेजारी उभे होते. ते देवाकडे पाहत होते आणि मधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे. बाहेर नर आला, पंखांचा आवाज छपरावरून गेला. दहा बावन्नला एक कळी पडली.

“कुठली पडली?” गुरवांनी विचारलं. त्यांना ती दिसली नव्हती. त्यांना नीट दिसत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण कौलाच्या वेळी ते असं विचारतील याची कुणाला कल्पना नव्हती. आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“उजवी,” पुढची चार-पाच माणसं एकदम म्हणाली.

गुरवांनी मान हलवली. “देवानं उजवी दिली. मर्जी हाय.” पायरीवरचा माणूस उठला. त्याने दोर खांद्यावर घेतला.

“कुणाची उजवी?” सरांनी विचारलं.

आवाज वर्गातलाच होता. माझा हात आपोआप वर जायला निघाला होता, तो मी आवरला. सर पुढे गेले नाहीत, जागेवरूनच म्हणाले, “मामा, ही माणसं देवाकडं तोंड करून उभी हायत. देव त्यांच्याकडं तोंड करून हाय. ह्यांच्या उजव्या हाताची कळी पडली. तुमचा कौल कुणाच्या हातावर मोजायचा?”

गुरवांनी हात पुढे केला, पाषाणाचे दोन्ही खांदे चाचपले. देवाच्या उजव्या खांद्यावर कळी होती. डावा खांदा मोकळा होता. ते माणसांकडे वळले. “देवाचा कौल देवाच्या हातावर मोजायचा. माणसाचा उजवा मोजाय लागलो तर कौल माणसाचा हुईल. देवानं डावी दिलीया.”

करवतवाल्याने दोर खाली ठेवला. दाराशी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “देवाला वकील गावला, त्यो बी देव न मानणारा.” थोडे लोक हसले. अध्यक्ष हसला नाही. तो सरांसमोर आला. “सर, तुमचा देवावर विश्वास न्हाय. मग कौलावर कसा बसला?”

“माझा विश्वास हाय-न्हाय सोड,” सर म्हणाले. “डावी पडली, ह्ये दिसलं.”

माझी पाठ तयार होती. थाप आली नाही.

परतताना सर मागे बसले होते. मलकापूरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. त्यांनी कप हातात धरून ठेवला. मग म्हणाले की कळ्या लावल्या तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं. फुटक्या कौलातून उन्हाचा एक कवडसा आत येत होता. आधी तो मागच्या भिंतीवर होता. सूर्य चढला तसा खाली सरकला. दहा पंचेचाळीसला तो देवाच्या डाव्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. त्या कळीचं पाणी वाळलं, उजवीचं ओलं राहिलं. “कुठली पडणार ते मला सात मिनिटं आधी कळलं हुतं. मी गप्प बसलो.”

मी म्हटलं, तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. सहा आठवडे गप्प राहा, मादी सुटेल, मग सांगा.

सरांनी कप खाली ठेवला. “डाव्या पानावरचं अर्धंच सांगितलं, की ते उजवं पान हुतं. आणि मी ते डाव्या पानाच्या नावावर खपवलं.”

मी त्या संध्याकाळी बातमी दिली. मथळा होता: देवाच्या कौलाने बेहडा वाचला. कवडशाचा उल्लेख मी केला नाही. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. “बातमी वाचली. शुद्धलेखन बरोबर हाय,” एवढं बोलून त्यांनी ठेवला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. मी बरोबर होतो, त्यांना अडवायला. ते ऐकणार नाहीत हेही मला माहीत होतं. गुरवांच्या ओसरीवर अध्यक्ष बसला होता. सरांनी चहा येण्याआधीच सगळं सांगितलं. कवडसा, वेळा, वाळलेलं पाणी. शेवटी म्हणाले, “मामा, तुमचा कौल फुटक्या कौलातनं आलाय. ह्यात देवानं काय केलं ते मला दिसलेलं न्हाय. मी ह्ये तवाच सांगाय पायजे हुतं. आता काय करायचं ते तुमी ठरवा.”

अध्यक्ष सरळ बसला. मग कौल खोटाच झाला की, असं तो म्हणाला, परत लावायला पाहिजे. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत. ढोलीतल्या मादीचे पाच आठवडे अजून बाकी होते आणि ते सरांनी स्वतःच्या तोंडाने पणाला लावले होते.

गुरवांना घाई नव्हती. त्यांनी पानाची चंची काढली, सुपारी कातरली, पान तोंडात ठेवलं. मग सरांच्या आवाजाच्या दिशेने मान केली.

“ऊन कुणाचं, सर?”

मी सरांना पस्तीस वर्षं ओळखत होतो. प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्गात पाहिलं होतं, कोष फुटताना. ते उठले, ओसरी ओलांडून गेले आणि गुरवांच्या पाठीत थाप घातली, हात न आवरता. गुरवांची टोपी पुढे पडली.

“आयला,” गुरव टोपी चाचपत म्हणाले, “ह्ये उत्तर म्हणायचं का?”

“न्हाय, मामा. उत्तर न्हाय माझ्याकडं. पर प्रश्न एक नंबर हाय. एक नंबर!” सर ओसरीत फेऱ्या मारायला लागले. “ऊन कुणाचं! कौल फोडणारी फांदी बी त्याच झाडाची! झाडानं आपल्याच हातानं भोक पाडून ठेवलंय बघा की! आमी चाळीस वर्षं पोरास्नी इचारतोय कुणाचं उजवं, आणि ह्या माणसानं आमालाच इचारलं की ऊन कुणाचं!”

अध्यक्षाने पुन्हा कौलाचं काढलं. गुरव म्हणाले, “देवाला एकदाच इचारायचं असतंय. दोनदा इचारलं तर आपलाच इश्वास न्हाय असं हुतंय. आणि ज्याचा इश्वास न्हाय त्यो माणूस खरं सांगाय एवढ्या लांबनं आला. तू कागलाहनं येतोस, तुला येवढं तरी कळाय पायजे.” मग अध्यक्षाने खिशातून कसलीशी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर मंडपाचा नकाशा नव्याने काढायला घेतला, दक्षिणेच्या अंगाला, दिवाळीनंतरचा. सरांनी त्याच्या खांद्यावरून वाकून दोन मापं दुरुस्त केली.

मे संपता संपता एका सकाळी सातला सरांचा फोन आला. त्यांनी नाव सांगितलं नाही, नमस्कार म्हटला नाही. “फुटलं! लिंपण फुटलं! ये लवकर!” मी पोचलो तेव्हा बेहड्याखाली वीस-पंचवीस माणसं मान वर करून उभी होती. गुरवांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते दगडावर बसले होते. फटीचं आता वीतभर भोक झालं होतं. आतून चोच घाव घालत होती, माती खाली पडत होती. नर समोरच्या फांदीवर बसून होता. साडेअकराच्या सुमाराला डोकं बाहेर आलं, मग एक खांदा, मग पुन्हा सगळं आत. तिसऱ्या वेळी मादी बाहेर आली, काठावर बसली, नवी पिसं झटकली. आणि उडाली. कसं उडायचं याची आठवण काढत असल्यासारखी आधी खाली आली, आमच्या डोक्यांपर्यंत, आणि तिथून वर. पंखांचा तो आवाज झाला. अध्यक्षाच्या आईने टाळी वाजवली.

वरच्या परिच्छेदात ‘आठवण काढत असल्यासारखी’ हे उजव्या पानाचं आहे. ठेवतो.

गुरवांनी चष्मा काढून हात जोडले. बऱ्याच जणांनी जोडले. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन्सिल. हात मोकळे असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी वेळ लिहिली, वही खिशात घातली, आणि मग माझ्या पाठीत जी थाप बसली ती शाळेतल्या सगळ्या थापांपेक्षा जोराची होती. मी दोन पावलं पुढे गेलो. ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले. आजार थोड्या दिवसांचा होता. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना बोलताना दम लागत होता. गुरवांचा निरोप मी सांगितला: जोडी याही वर्षी आलीय, मादी आत बसलीय, आणि मंडपावर स्लॅब पडला तरी देवावरचं छप्पर कौलारूच ठेवलंय. गुरवांनी फुटक्या कौलाच्या जागी नवं बसवू दिलं नाही, तिथे काच लावून घेतली. सरांनी ऐकलं. त्यांनी हात उचलला. तो माझ्या पाठीपर्यंत आला आणि तिथे थोडा वेळ राहिला.

काकूंनी नंतर मला त्या वर्षाची वही दिली. त्यात माझ्या बातमीचं कात्रण होतं, म्हणून ती माझी, असं त्यांचं म्हणणं. कात्रणावर लाल पेनाने एकच शब्द होता: ‘अर्धं.’ तो शेरा बरोबर होता. उरलेलं अर्धं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कौलाच्या रविवारची नोंद मी शोधली. डावं पान भरलेलं होतं. दहा चाळीस, कळ्या लावल्या. दहा पंचेचाळीस, कवडसा डाव्या खांद्यावर, देवाच्या. दहा बावन्न, डावी पडली. मी गप्प बसलो. पुढचं पान उलटायच्या आधी सवयीने उजवीकडे पाहिलं. सरांच्या सगळ्या वह्यांमधली उजवी पानं कोरी आहेत, मी ती नंतर एकेक करून पाहिली. या एका पानावर मात्र वरच्या कोपऱ्यात, त्याच बारीक अक्षरात, तीन शब्द होते: ‘ऊन कुणाचं? – गुरव.’

मी वही मांडीवर उघडी धरून बसलो होतो. वाचलं, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.